गुरुजींचा पेहराव : गावाने काय पाहावे, काय पाहू नये



सकाळी सात-साडेसातच्या सुमारास कोपर स्टेशनात जरा उभे राहून पाहा. खालच्या फलाटांवर मुंबई-कल्याण मार्गाच्या धीम्या लोकल, वरच्या अंगाला दिवा-वसईची गाडी. एकेकाळी भातखाचरे आणि खाडीकाठ असलेल्या या आगरी-कोळी मुलुखात आता इमारती उभ्या आहेत आणि त्या इमारतींतून पोटापाण्यासाठी बाहेर पडणाऱ्यांत शिक्षकही आहेत. कोणी कल्याणला उतरून वाशिंद-आसनगावची गाडी धरतो, कोणी मुरबाडची एस.टी. पकडतो. पुढे जीप, त्यापुढे पायवाट. घरातून निघताना अंगावर असलेली इस्त्री शाळेच्या पायरीपर्यंत कितीशी टिकत असेल, याचा विचार आपणच करावा.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण असे की, शिक्षकांच्या कपड्यांचा प्रश्न आता गावाच्या बैठकीत आला आहे. कृषी विस्ताराच्या कामानिमित्त ग्रामसभांना बसावे लागते, तेव्हा हे कानावर पडते. मास्तर जीन्स घालून येतात, बाई साडी नेसत नाहीत, यावर अर्धा-अर्धा तास चर्चा होते. त्याच शाळेत हात धुवायला नळाला पाणी आहे की नाही, हे विचारायला मात्र वेळ उरत नाही. म्हणून शासनाचा आदेश नेमका काय आहे आणि त्यात गावाचे काम कोणते, हे नीट समजून घेणे बरे.

आदेशात काय आहे?

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने १५ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय काढून शिक्षकांच्या पेहरावाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या केवळ जिल्हा परिषदेच्या शाळांना नाहीत. अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित अशा सगळ्याच शाळांसाठी आहेत. शिक्षिकांनी साडी अथवा सलवार किंवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा वापरावा. पुरुष शिक्षकांनी शर्ट व पँट वापरावी आणि शर्ट आत खोचलेला असावा, असे त्यात म्हटले आहे. शर्टाचा रंग फिकट आणि पँटचा गडद असावा. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे वा छपाईचे कपडे, तसेच जीन्स व टी-शर्ट नकोत. पादत्राणे पेहरावाला शोभतील अशी असावीत. वैद्यकीय कारण असल्यास बुटांतून सवलत आहे. डॉक्टर, वकील जसे नावाआधी लावतात तसे शिक्षकांनी इंग्रजीत ‘टीआर’ आणि मराठीत ‘टि’ लावावे, अशीही सूचना त्यात आहे.

आता यातला महत्त्वाचा भाग लक्षात घ्या. आपल्या शाळेतल्या शिक्षकांचा पेहराव कसा असावा, हे ठरवण्याचे काम शाळेवर सोपवलेले आहे. म्हणजे या चौकटीत राहून विचार करायला जागा आहे. अमुक दुकानातून एकाच रंगाचे कापड घ्यावे, सर्व बाईंनी एकसारखी साडी नेसावी, असे बंधन शासनाने घातलेले नाही. काही ठिकाणी हौसेने तसे करतात, करोत बापडे. पण तो आदेश आहे असे सांगून कोणाकडून वर्गणी काढणे बरोबर नाही.

दुसरी गंमत पाहा. शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी डिसेंबर २०२० मध्ये असाच आदेश निघाला होता. त्यात जीन्स आणि टी-शर्ट या दोन्हींना मनाई होती, स्लिपरलाही होती, आणि शुक्रवारी खादी वापरावी असे सांगितले होते. पुढे मार्च २०२१ मध्ये त्यातून जीन्सची मनाई काढण्यात आली, टी-शर्टची राहिली. म्हणजे कचेरीतल्या साहेबांच्या अंगावर जी जीन्स चालते, ती शाळेतल्या मास्तरांना चालत नाही. तेव्हा जीन्स म्हणजे काही पाप आणि खोचलेला शर्ट म्हणजे पुण्य, असे समजण्याचे कारण नाही. हे नियम सोयीचे आणि शिस्तीचे आहेत. ते पाळावेत, पण त्यावरून माणसाची परीक्षा करू नये.

पेहराव आणि मान

आपल्याकडे पेहरावाचा आणि शिक्षणाचा संबंध जुना आहे. पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे घेऊन जात, ही हकिगत आपल्याला ठाऊक आहे. आल्यावर मळलेले लुगडे बदलायचे आणि शिकवायला उभे राहायचे. त्या काळी बाईंच्या अंगावरच्या कपड्याकडे पाहणारे गावभर होते. त्या काय शिकवतात हे पाहणारे थोडे. आज कोण लक्षात राहिले, ते सांगायला नको.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येईनात, म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचे मूळ इथे आहे. या बाया मुलांना आधी हात-तोंड धुवायला, आंघोळ करायला शिकवीत. केस विंचरणे, नखे कापणे हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. टापटीप मुलांवर ओरडून येत नाही. ती रोज डोळ्यांसमोर दिसावी लागते, करून घ्यावी लागते.

शिक्षकाच्या कपड्यांचे खरे मोल इथे आहे. मूल दिवसातले पाच-सहा तास समोरच्या माणसाला पाहते. त्याची नखे कापलेली आहेत का, शर्टाची बटणे लावलेली आहेत का, तो तंबाखू चोळतो का, हे सारे ते टिपत असते. आपण मुलाला शंभर वेळा सांगितले तरी गुरुजींचे एकदा पाहिलेले त्याच्या जास्त लक्षात राहते. म्हणून शिक्षकाने स्वच्छ आणि नेटके यावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि गावाने ती जरूर धरावी. कपडा जुना असला तरी हरकत नाही, धुतलेला असावा. उसवला असेल तर शिवलेला असावा. तोंडात तंबाखू-गुटखा ठेवून वर्गात येणाऱ्याची इस्त्री कितीही कडक असली तरी त्याला नेटका म्हणता येणार नाही.

कपडा कामाला साजेसा हवा

तुम्ही शेतकरी मंडळी हे कोणाही अधिकाऱ्यापेक्षा चांगले जाणता. लावणीच्या वेळी आपली आगरी बाई लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, वर खोचून चिखलात उतरते. लग्नाचे लुगडे वेगळे आणि लावणीचे वेगळे. आमच्या खात्यातही तसेच आहे. कडक इस्त्री करून बांधावरूनच सल्ला देणारा कर्मचारी तुम्ही ओळखता आणि विजार दुमडून खाचरात उतरणाराही ओळखता. ऐकता कोणाचे, हे तुम्हीच सांगा.

मग शाळेतले काम कसे आहे ते पाहा. लहान वर्गाच्या बाईंना दिवसभर खाली बसावे-उठावे लागते, मुलांबरोबर खेळावे लागते, कधी आजारी मुलाला उचलून न्यावे लागते. खेळाच्या तासाला पळावे लागते. अशा कामात एखाद्या बाईंना साडी सोयीची वाटेल, एखाद्या बाईंना सलवार-कुर्ता. शासनाने दोन्हीला मुभा दिलेली आहे. तेव्हा ‘आमच्या गावात साडीच चालेल’ असा ठराव करणे हे आदेशाला धरून नाही. बाईंनी काय नेसावे यावर पाराच्या कट्ट्यावर बोलणे तर मुळीच शोभत नाही. परगावाहून एकट्या येणाऱ्या बाईंना अशा बोलण्याचा किती त्रास होतो, हे आपल्याच शिकलेल्या लेकींना विचारून पाहा. त्याही कुठे ना कुठे नोकरीला जातात.

दुसरा मुद्दा पावसाचा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फिकट रंगाचा शर्ट घालून पाड्यावरच्या शाळेत जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर मोटारसायकलचा चिखल उडणारच. त्यात ओले बूट-मोजे दिवसभर पायात राहिले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. शिवाय साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असेल तर अधिकच. म्हणून पावसाळ्यात रस्त्याला गमबूट किंवा पावसाळी चप्पल, आणि शाळेत पोचल्यावर पाय धुऊन, कोरडे करून दुसरी पादत्राणे, हीच रीत शहाणपणाची. बुटांचा हट्ट धरून पाय कुजवण्यात कोणाचे हित नाही. हे शाळेने मुख्याध्यापकांमार्फत लेखी ठरवून ठेवावे, म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांनाही दाखवता येते.

कपड्याच्या निवडीबाबत एक सूचना. उन्हाळ्यात आणि दमट हवेत सुती किंवा सुतीचा अंश जास्त असलेले कापड घाम शोषते. निव्वळ कृत्रिम धाग्याच्या कापडात घाम कोंडून अंगाला वास येतो आणि घामोळे उठते. पावसाळ्यात मात्र सुती कपडा लवकर वाळत नाही. तेव्हा मिश्र धाग्याचा बरा. दमट कपडा तसाच घडी करून ठेवला तर बुरशी धरतो, कुबट वास येतो. धान्य कोठीत भरण्यापूर्वी जसे आपण खडखडीत वाळवतो, तसेच कपड्याचे.

ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. शाळेचे कर्मचारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुरुजी आणि बाई येतात. पण ज्या माणसाच्या कपड्यांवर, हातांवर आणि नखांवर मुलांचा जीव अवलंबून आहे, तो माणूस शाळेच्या स्वयंपाकघरात असतो. शालेय पोषण आहार शिजवणारी स्वयंपाकी बाई आणि तिची मदतनीस. शिक्षकाच्या शर्टाचा रंग गडद असला म्हणून कोणा मुलाला जुलाब होणार नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या हाताला साबण मिळाला नाही, तर होतील.

या बायांना मिळते किती? २०२३ साली शासनाने त्यांचे मानधन महिना १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केले. त्यात त्यांनी घर चालवायचे, आणि वर आपण म्हणायचे की पदर नीट खोचा, स्वच्छ कपडे घाला. बहुतेक जणी सकाळी आपल्या किंवा दुसऱ्याच्या शेतात काम उरकून शाळेत येतात. म्हणजे शेतातला कपडा आणि स्वयंपाकघरातला कपडा एकच.

शेतीखात्याचा माणूस म्हणून इथे मला सावध करावेसे वाटते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध तोंडावाटेच पोटात जाते असे नाही. ते कातडीतून जाते, भिजलेल्या कपड्यातून जाते. बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. ज्या तेलात ते अन्न शिजवले, त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. शेतातले विष आणि शाळेतले अन्न एकमेकांच्या जवळ आले की काय होते, याचे हे उदाहरण आहे. म्हणून पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत :

१. फवारणीच्या किंवा औषध हाताळण्याच्या कपड्यांत शाळेच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. आंघोळ करून, कपडे बदलूनच यावे.

२. फवारणीचे कपडे घरातल्या इतर कपड्यांबरोबर, विशेषतः मुलांच्या गणवेशाबरोबर, एका बादलीत भिजवू नयेत. वेगळे धुवावेत, उन्हात वाळवावेत.

३. औषधाचे रिकामे डबे-बाटल्या तेल, पाणी किंवा मीठ ठेवण्यासाठी कधीही वापरू नयेत. त्या फोडून निकामी कराव्यात.

४. स्वयंपाकाच्या वेळी सुती ॲप्रन आणि डोक्याला टोपी किंवा घट्ट बांधलेला रुमाल असावा. केस बांधलेले, नखे कापलेली, नखांना रंग नसावा. बांगड्या-अंगठ्यांत पीठ अडकते. त्या शक्य तितक्या कमी असाव्यात.

५. चुलीजवळ किंवा गॅसजवळ सुती कपडाच बरा. कृत्रिम धाग्याचा पदर पेटला तर वितळून अंगाला चिकटतो.

६. हाताला जखम, खरूज किंवा पोटाचा आजार असेल त्या दिवशी बाईंना सुट्टी द्यावी आणि बदली व्यवस्था करावी. मानधन कापले जाईल या भीतीने दुखणे लपवावे लागू नये, हे समितीने पाहावे.

प्रत्येकीला दोन ॲप्रन, दोन टोप्या. एक अंगावर, एक वाळत. हा खर्च गावाच्या एका जेवणावळीच्या मानाने काहीच नाही. गावातल्याच शिलाई यंत्रावर ते शिवून होतील.

समितीने काय करावे?

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. तिच्या पुढच्या बैठकीत पेहरावाचा विषय आलाच, तर कपड्यांची पाहणी करण्याऐवजी सोयींची पाहणी करा.

शाळेत हात-पाय धुवायला पाणी आणि साबण आहे का? बाईंसाठी वेगळे, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का? त्यात कपडे टांगायला खुंटी आहे का? भिजून आलेल्या माणसाला ओला रेनकोट ठेवायला आणि कपडे बदलायला आडोसा आहे का? भिंतीला एक साधा आरसा आहे का? आरसा मुलांच्या उंचीवरही एक लावा. केस विंचरायची सवय आपोआप लागते. शाळेला मिळणाऱ्या संयुक्त अनुदानातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी वापरावयाची असते. उरलेल्याची सोय ग्रामपंचायत आणि गावकरी मिळून करू शकतात.

आणखी एक. एकाच मापाचा कपडा सगळ्यांना वरून वाटायला गेले की काय होते, हे मुलांच्या गणवेशात आपण पाहिले आहे. २०२४-२५ या वर्षी राज्यभर एकसारखा गणवेश देण्याची योजना आखली गेली. कापड एकीकडून आणि शिलाई दुसरीकडून, अशा व्यवस्थेत अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचले. मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. ज्याचे अंग त्यालाच माप ठाऊक, हा धडा शिक्षकांच्या पेहरावालाही लागू आहे. शाळेने शिक्षकांना विचारून, ऋतू पाहून, खिसा पाहून ठरवावे.

आणि कोणा शिक्षकाबद्दल खरोखरच तक्रार असेल, कपडे मळके असतील, तोंडाला वास येत असेल, तर ती चार लोकांत, मुलांसमोर बोलू नये. मुख्याध्यापकांना एकांतात सांगावे. त्यांनी त्या शिक्षकाला एकांतात सांगावे. मुलांसमोर ज्या गुरुजींची अब्रू गेली, त्यांचे मुले पुढे ऐकत नाहीत. नुकसान मग आपल्याच लेकरांचे.

ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, आम्ही विस्तारवाले, आम्हालाही हे सारे लागू आहे. शाळेच्या आवारात येताना तोंडातला तोबरा बाहेर टाकून यावे, एवढे तरी गावाने आमच्याकडून हक्काने मागून घ्यावे.

येत्या महिन्याच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘शिक्षकांचा पेहराव’ असे लिहिले असेल, तर त्याच्या वर आणखी दोन विषय लिहून घ्या : ‘हात धुण्याचे पाणी’ आणि ‘स्वयंपाकी बाईंचे ॲप्रन’. या दोन्हींचा निकाल लागला की तिसऱ्या विषयाला फार वेळ लागणार नाही.